ढासळलेला खड्डा

"आज तुमच्यात बाहेरची कोण आहे?"

मुकादमाने भर उन्हात, सगळ्या पुरुषांसमोर विचारलं. पाळी आलेली बाई कोण, असा त्याचा अर्थ. आम्ही बायका रिकामी घमेली घेऊन रांगेत उभ्या.

मुलुंडच्या मिठागरांतून मोठ्या दाबाची विजेची लाइन चालली होती. टॉवरच्या पायांसाठी खड्डे खणायचं काम. नवऱ्याची गिरणी संपात बंद पडली, म्हणून मी घमेलं उचललं होतं.

त्या सकाळी एका खड्ड्याची भिंत ढासळलेली दिसली. आत खाजणाचं पाणी. आदल्या दिवशी कामावरच्या साहेबाने तिथेच नारळ फोडला होता. पूजा झालेला खड्डा ढासळला, म्हणजे बाईचा विटाळ. ठरलंच.

मला संशय वेगळाच होता. भिंतीला टेकू दिलेल्या फळ्या साहेबाने संध्याकाळीच दुसऱ्या खड्ड्यासाठी काढायला लावल्या होत्या. आम्हीच त्या वाहिल्या. आता तो लांब जीपजवळ उभा होता. इकडे बघत नव्हता.

"जी असेल तिने पुढे यायचं," मुकादम म्हणाला. "बाकीच्यांनी नळावर अंघोळ करून यायचं. नाहीतर सगळ्यांना घरी पाठवतो."

बायका एकमेकींच्या लुगड्यांकडे बघायला लागल्या. मागून, पुढून. माझ्या चाळीतल्या मंजुळाने मान खाली घातली. थोरल्या काशीबाईने तिला कोपराने ढोसलं.

"जा ना गं पुढे. तुझ्यापायी आमच्या पोटावर पाय नको."

"मुकादम, बोलाल तर तपासतो!" एक गडी ओरडला. पुरुष हसले.

एका प्रश्नात आम्ही एकमेकींवर पहारा करायला लागलो होतो. मी मंजुळाचा दंड धरला.

"ती कुठे जाणार नाही."

"मग तू आहेस काय?"

"ते तुम्हाला सांगणार नाही. इतके महिने ह्याच बायका खड्ड्यात उतरल्या. तेव्हा कुणाला पाळी येत नव्हती? फळ्या कुणी काढायला लावल्या, ते विचारा साहेबांना."

हसणं थांबलं. साहेब जीपमध्ये जाऊन बसला.

आम्हा दोघींना तिथल्या तिथे कामावरून काढलं. काशीबाई बाकीच्यांना घेऊन नळाकडे गेली. कुणी मागे वळून बघितलं नाही.

"तू बोलायला नको होतंस," वाटेत मंजुळा म्हणाली. "आता घरी काय सांगू?"

ती तेव्हा बाहेरची होती की नव्हती, मला आजही माहीत नाही. मी विचारलं नाही. विचारणार नाही.

पुढे खूप बांधकामांवर राबले. अंधेरी, घाटकोपर, जिथे मिळेल तिथे. पायाची पूजा असली की मुकादम बायकांना लांब व्हायला सांगतो. खणायला खड्ड्यात उतरलेली बाई चालते, तर पूजेला काठावर उभी राहिलेलीही चालली पाहिजे. मी हलत नाही.