सोडा घेऊन बसलेला मेस्त्री

मिरकरवाड्याच्या बंदरात ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करणारा एक मेस्त्री आहे. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून तो बिघाड सांगतो. समुद्राला कणकण आली तरी त्याला आधी कळेल. माणसांत मात्र मुका. संध्याकाळी बारमध्ये आमच्या टेबलावर दोन पेग पोटात गेले की मगच बोलायचा, तो थेट राजापूरला ऐकू जायचा.

एकदा त्याने नुसता सोडा मागवला. ग्लासाकडे बघत म्हणाला, "डॉक्टर म्हणाले, मला जन्मापासून ऑटिझम आहे. तुमच्यात बसता यावं म्हणून पीत होतो. आता सोडली. गप्प बसलो तर खुर्ची राहील ना माझी?"

"बसा हो मेस्त्री," मी म्हटलं. "मला ऐकणारा हवाच आहे." आणि मी पकडलेल्या बारा हात लांब सुरमईची गोष्ट लावली.

"परवा ती आठ हात होती," तो शांतपणे म्हणाला. "पिऊन ऐकली तेव्हा खरी वाटलेली."

अख्खं टेबल हसून आडवं झालं. सोडा पीत तोही हसला. त्याची खुर्ची अजून माझ्या शेजारीच आहे, आणि माझी सुरमई हल्ली चार हातांवर आलीय.