बूट बाहेर

सुलेखाकाकूंच्या घरी साक्षात गणपती आला, तरी काकू आधी उंदराचे पाय पुसायला लावतील. इथे मिनेसोटात, ईडन प्रेरीतल्या सगळ्या मराठी मंडळींना हे ठाऊक आहे. बूट बाहेर. बाहेर म्हणजे गराजमध्ये, निळ्या चटईवर, टाचा भिंतीकडे करून. एकदा फोडणीच्या धुरानं अलार्म वाजला आणि फायर ब्रिगेडची माणसं दारात येऊन उभी राहिली, तर काकू त्यांना म्हणाल्या, "शूज, प्लीज." मी शेजारून धावत गेले होते म्हणून डोळ्यांनी पाहिलं. त्यातल्या एका दांडग्या गृहस्थानं खरंच वाकून एक बूट काढला होता.

मी यामिनी, त्यांची शेजारीण. माझ्या बाळंतपणात काकूंनी मला डिंकाचे लाडू करून घातले, आणि मी झोपले असताना माझ्या स्वयंपाकघरातले सगळे डबे त्यांच्या पद्धतीनं लावून टाकले. मला त्या फार आवडतात आणि मला त्यांचा भयंकर राग येतो. दोन्ही बहुतेक एकाच वेळी येतं.

काकूंच्या आयुष्यात सगळं टाचा भिंतीकडे करून लावलेलं होतं. फक्त एक गोष्ट सोडून. ती म्हणजे केया, त्यांची एकुलती एक मुलगी. मिनेसोटातच जन्मलेली, हुशार, बायोकेमिस्ट्रीची डिग्री, मेडिकल स्कूलला ॲडमिशन. आणि मग २००४ साली ही बया म्हणाली, "आई, आय नीड अ इयर," आणि जाऊन बसली अलास्कात. तिथेही फेअरबँक्ससारख्या बऱ्यापैकी गावात नाही, तर आर्क्टिक सर्कलच्याही वर, जंगलातल्या एका लॉजवर. थंडीत तिथे टूरिस्ट येतात. त्यांना दिवसभर बर्फातून चालवून आणायचं, ही तिची नोकरी. एका वर्षाची दोन वर्षं झाली. मेडिकल स्कूलनं तोपर्यंत जागा राखून ठेवली होती. आता २००६च्या उन्हाळ्यात ती मुदत संपत होती.

ईडन प्रेरीत मात्र केया 'आर्क्टिकमध्ये रिसर्च' करत होती. हळदीकुंकवाला कुणी विचारलंच की कशावर गं रिसर्च, तर काकू तिळगूळ पुढे करत म्हणायच्या, "स्नोवर. फार टेक्निकल आहे." डोंबलाचं टेक्निकल! श्रीरंगकाकांना, म्हणजे त्यांच्या यजमानांना, नेमकी त्याच वेळी तहान लागायची आणि ते पाणी प्यायला आत निघून जायचे.

दर रविवारी लॉजच्या फोनवरून केयाचा फोन यायचा. काकूंचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "कधी येतेस?" जेवलीस का, बरी आहेस का, हे सगळं त्यानंतर. शेवटी फेब्रुवारीत एकदा केया वैतागून म्हणाली, "आई, यू कम. एक दिवस माझ्याबरोबर चाल. पूर्ण दिवस. त्यानंतर पण तू 'चल' म्हणालीस तर मी येते. प्रॉमिस."

काकूंनी फोन ठेवला आणि तीन तिकिटं काढली. त्या, काका आणि मी.

"मी कशाला?" मी विचारलं.

"तुझं ऐकते ती. आणि येताना तिचं सामान असेल. श्रीरंगची कंबर धरते."

म्हणजे निकाल त्यांनी मिनेसोटातच लावून टाकला होता.

फेअरबँक्सपासून व्हॅननं जवळजवळ अख्खा दिवस उत्तरेला. काकूंनी बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट असं सगळं घेतलं होतं. लाडूही होते, पण व्हॅनच्या मागच्या बाजूला ते असे गोठले की काकांनी एक चावून पाहिला आणि गुपचूप तोंडातून काढून खिशात ठेवला. लॉजवर पोचल्यावर केयानं तिघांना मिठ्या मारल्या. केस तिनं पार बारीक कापले होते. काकूंनी तोंड उघडलं, तेव्हा मी त्यांचा हात दाबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उणे पंचवीस होतं. फॅरेनहाइट. सेल्सिअसमध्ये किती होतात ते मी मुद्दामच काढलं नाही. आमच्या ग्रुपमध्ये आम्ही तिघं आणि टेक्ससचं एक रिटायर्ड जोडपं. लॉजनं सगळ्यांना जाडजूड बूट दिले, आत लोकरी अस्तर असलेले. केया आमच्यासमोर उभी राहिली आणि एकदम वेगळ्याच आवाजात बोलायला लागली. हळू चाला, घाम येऊ देऊ नका, बोटं बधिर झाली तर लगेच सांगा. "अँड वन मोर थिंग. जेवायला आपण केबिनमध्ये थांबू. देअर, बूट्स कम इनसाइड विथ यू. बाहेर ठेवले तर घामानं ओले झालेले बूट दगड होतात. पायच जात नाहीत आत. डेलचा हा एकच रूल आहे." डेल म्हणजे लॉजचा मालक.

काकूंनी नाक मुरडलं. "ओले बूट घरात," त्या माझ्या कानात पुटपुटल्या. "शी!"

चालायला लागलो. दोन्ही बाजूंना स्प्रूसची झाडं, बारकी, बर्फाच्या ओझ्यानं वाकलेली. इतकी शांतता की काकांच्या कॅमेऱ्याचा आवाजसुद्धा आगाऊपणा वाटत होता. केया मध्येच थांबून बर्फातले ठसे दाखवायची. हा ससा, हा त्याच्या मागावरचा लिंक्स, म्हणजे रानमांजर, आणि इथे बघा, इथे सशानं त्याला चकवलं. काकू तिकडे बघायचं नाही असं ठरवून आल्या होत्या. त्यांनी तीन वेळा वाकून पाहिलं.

दर थोड्या वेळानं केया प्रत्येकाच्या तोंडाजवळ येऊन गाल तपासायची, थंडीनं पांढरा डाग पडलाय का ते. काकूंचीही हनुवटी तिनं दोन बोटांनी धरली आणि चेहरा उजेडाकडे वळवला.

"मला काय बघतेस?"

"आय लुक ॲट एव्हरीबडी," केया म्हणाली, आणि काकूंच्या नाकावरचा मफलर तिनं नीट केला. मग काकू तिच्या ठशांत पाय टाकत चालू लागल्या. मला वाटलं, चला, काहीतरी उजेड पडतोय. कसलं काय! पुढे वळणावर म्हणतात कशा, "डॉक्टर म्हणून पेशंट कसे तपासले असते हिनं! हाताला काय गुण आहे बघ."

केबिन आली. एकच खोली, लाकडी जमीन, त्यावर कुणीतरी हौसेनं घातलेली रंगीत सतरंजी. केयानं दार उघडलं. काकूंना ती झाडलेली जमीन दिसली, आणि माझ्या मागून ईडन प्रेरीचा तो गराजमधला आवाज आला.

"केया! बूट बाहेर!"

आणि काय सांगू तुम्हाला! सकाळी आम्हाला एवढं लेक्चर दिलेली, दोन हिवाळे माणसांना सुखरूप नेऊन आणलेली ती पोरगी चौकटीला टेकली, एका पायानं दुसऱ्या पायाची टाच दाबली, बूट काढले आणि बाहेरच्या ओट्यावर ठेवले. टाचा भिंतीकडे. तिला कळलंही नाही. मलाही नाही, मीसुद्धा काढून मोकळी. काकांचा तर प्रश्नच नव्हता, त्यांचा तीस वर्षांचा संसार आहे. टेक्ससकर एकमेकांकडे बघत राहिले. मग नवऱ्यानं अदबीनं विचारलं, "ही इकडची पद्धत आहे का? आर्क्टिकची?"

"येस," काकू म्हणाल्या. "व्हेरी ओल्ड."

पुढचा तास मात्र झकास गेला. शेगडीत लाकडं पेटली, सूप झालं, काकूंनी दशम्या शेगडीवर टाकून गरम केल्या. केया मांडी घालून बसली आणि चटणीबरोबर एकामागून एक हाणत सुटली. टेक्ससच्या बाईंनी मेतकूट सूपवर भुरभुरवलं आणि आणखी मागितलं. काकू माझ्याकडे सरकल्या. "बघ कशी जेवतेय! संध्याकाळी नुसतं 'चल' म्हणायचं. उडी मारून येईल." मग त्यांना बाहेर जायचं होतं. संडास मागच्या बाजूला, झाडांत. दहा मिनिटांनी त्या दारात येऊन उभ्या राहिल्या, बुटांत पाय अर्धेच, टाचा बाहेरच राहिलेल्या, आणि चेहऱ्यावर कधी न पाहिलेला भाव.

"यामिनी," त्या म्हणाल्या, "मला पाय कळत नाहीयेत."

केयानं त्यांच्या बुटांकडे पाहिलं, मग ओट्यावरच्या रांगेकडे. त्या रांगेत तिचेही बूट होते. "ओ माय गॉड," ती म्हणाली. "माझेपण."

पण ती थांबली नाही. काकूंना बसवून तिनं मोजे काढले. बोटं मेणासारखी पांढरी झाली होती. केयानं आपलं जाकीट उघडलं, स्वेटर वर केला आणि आईची दोन्ही पावलं उघड्या पोटावर दाबून धरली.

"अगं, पाय! पाय लागतात तुला—" काकू मागे ओढायला लागल्या.

"आई, गप बस."

आणि काकू गप बसल्या. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा पाहिलं. काही वेळानं बोटांत रक्त परतायला लागलं, तशा कळा सुरू झाल्या, आणि त्या लहान मुलीसारख्या रडायला लागल्या. "दुखतंय? गुड. दुखायलाच पाहिजे," केया म्हणत होती आणि तिच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. श्रीरंगकाकांनी कॅमेरा कुठेतरी ठेवून दिला होता.

सगळे बूट आत आणले. अस्तरं काढून शेगडीभोवती टांगली. वाळायला वेळ लागणार होता, अंधाराच्या आत परतणं शक्यच नव्हतं. केया माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. "यामिनीमावशी, आपण लेट झालो की डेल शोधायला येईल. आणि मला काढून टाकेल. लास्ट विंटरला एका गाइडला याच्यावरूनच काढलं. डेल वॉज राइट."

ती हळूच बोलली होती, पण केबिन ती केवढी! काकूंनी ऐकलं. पाय ब्लँकेटमध्ये गुंडाळून बसल्या होत्या, त्यांनी एकदा मान वर करून मुलीकडे पाहिलं. या बाईला जे हवं होतं ते आता आयतं ताटात पडणार होतं. 'चल' म्हणायचीसुद्धा गरज नव्हती.

अंधार पडता पडता स्नोमोबाइलचा आवाज आला. डेल, छातीपर्यंत दाढी, दार ढकलून बर्फाच्या बुटांसकट सतरंजीवर येऊन उभा राहिला. काकूंनी त्या बुटांकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यानं टांगलेली अस्तरं पाहिली आणि विचारलं, हे काय झालं?

"गाइडनंच आधी काढले," टेक्ससचे गृहस्थ म्हणाले. खोटं नव्हतं ते.

डेल केयाकडे वळला. केयानं तोंड उघडलं. खरंच सांगणार होती ती, मला तिचा स्वभाव माहीत आहे. तेवढ्यात काकू उठल्या, लंगडत, मोज्यांवर.

"मिस्टर डेल. शी टोल्ड अस. मॉर्निंग. बूट्स इनसाइड. आय डिड नॉट लिसन. शी वॉज मेकिंग फायर, आय टोल्ड एव्हरीबडी, रिमूव्ह. हर बूट्स आय पुट आउट. मायसेल्फ. शी डिड नॉट सी."

"बट मॅम—" टेक्ससकर म्हणाले.

"यू वेअर टेकिंग फोटो," काकू म्हणाल्या. त्यांच्या बायकोनं त्यांना कोपर मारलं आणि ते गप्प झाले. मेतकूट वाया गेलं नव्हतं.

डेलनं विचारलं, असं का केलंत? तिचे बूट कशाला बाहेर ठेवलेत?

"आय ॲम हर मदर," काकू म्हणाल्या.

डेलनं दाढी खाजवली. त्यालाही कुठेतरी आई असावी. मग तो केयाला एवढंच म्हणाला, की पुढच्या वेळी दारात तू स्वतः उभी राहा. माझा जीव भांड्यात पडला.

लॉजवर जेवताना केया आईसमोर येऊन बसली. "व्हाय डिड यू लाय? माझा जॉब गेला असता. तू जिंकली असतीस."

"काढून टाकलेली मुलगी घरी न्यायला मी आले नव्हते," काकू म्हणाल्या.

"ओके." केयानं चमचा खाली ठेवला. "मग आता बोल. दिवस संपला. प्रॉमिस इज प्रॉमिस. तू म्हण, मी येते."

मी काकांकडे पाहिलं. काका पाणी प्यायला उठले नाहीत. काकू टेबलाखाली एका पावलानं दुसरं पाऊल चोळत होत्या.

"उद्या तुझा ग्रुप किती वाजता निघतो?"

"नऊ."

"मग जेव आणि लवकर झोप," काकू म्हणाल्या, आणि तिच्या ताटात अजून एक दशमी वाढली.

काकू बदलल्या असं मात्र समजू नका. निळी चटई तिथेच आहे आणि मी आजही गराजमध्ये कुडकुडत बूट काढते. हळदीकुंकवाला कुणी केयाची चौकशी केली तर आता त्या म्हणतात, "रिसर्च सोडलं तिनं. गाइड आहे ती आता. रिसर्चपेक्षा फार अवघड असतं ते." मेडिकल स्कूलच्या जागेबद्दल त्या कुणाशीच बोलत नाहीत. त्या उन्हाळ्यात एकदा, माझ्याकडे भाजी निवडताना, तेवढ्यापुरत्या रडल्या होत्या.

मागच्या रविवारी मी त्यांच्याकडे होते. बाहेर मिनेसोटाचा पहिला बर्फ पडत होता. फोन वाजला, काकूंनी हात पुसून उचलला, आणि मी सवयीनं तो ठरलेला प्रश्न ऐकायला थांबले.

"हॅलो, केया?" काकू म्हणाल्या. "बूट आत घेतलेस ना?"