शांती देण्याची वेळ

भुईगावच्या आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, ती नेहमी शेवटच्या बाकावर, माझ्या शेजारी बसायची. फादरांचं प्रवचन सुरू झालं की तिचे डोळे मिटायचे. मी कोपराने हलवलं, की पुटपुटायची, "जागीच हाय मी, बाई." नवरा गेलेला, घरात अंथरुणाला खिळलेली सासू. विहीर सामाईक होती, पण दिराने विहिरीला कुंपण घातल्यामुळे ही लांबून हंड्याने पाणी आणायची.

मिस्सात, म्हणजे रविवारच्या उपासनेत, एकमेकांना शांती देण्याची वेळ आली की ती सगळ्यांकडे वळून हात जोडायची. पुढे बसलेल्या दिराकडे मात्र बघायचीसुद्धा नाही.

उपवासकाळातल्या एका रविवारी ती उठली आणि पाय ओढत थेट त्याच्यापाशी गेली. "भावजी, शांती असो," म्हणाली. त्याने गायनाच्या पुस्तकातून मान वर केली नाही. सगळे बघत होते. ती जराशी थांबली आणि परत येऊन बसली.

बाहेर आल्यावर मला राहवलं नाही. "काय मिळालं गं तुला जाऊन?"

"पानी मिळनार नाय, ते ठाऊक हाय," ती म्हणाली. "पन रोज हंडा उचलताना मी त्याला शिव्या घालायची. त्या शिव्यांनीच जास्त दमायला व्हायचं, बाई."

कुंपण काही निघालं नाही. पुढच्या रविवारीही ती उठून दिरापाशी गेली. या वेळी मात्र तो बघतो की नाही यासाठी ती थांबली नाही.