चहा आणि बिस्किट

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आमच्या डोंबिवलीच्या मंडळीत पाळकसाहेबांनी घरसभा सुरू केल्या. रविवारी चर्च भरायचं, पण शेजारच्या बाकावरच्या माणसाचं घर कुठे, हे कुणाला ठाऊक नसायचं. म्हणून दहा-बारा जणांचे गट केले. दर शनिवारी संध्याकाळी एकेकाच्या घरी गीत, शास्त्रपाठ, प्रार्थना. आमच्या गटाची जबाबदारी माझ्याकडे आली. मी पडले शिक्षिका. हजेरीवही आणि नियम यांच्याशिवाय मला देवही भेटत नाही.

पहिल्याच फेरीत एका घरी समोसे झाले, पुढच्या घरी पावभाजी, त्याच्या पुढे बिर्याणी. चौथ्याने बायको आजारी असल्याचं सांगून पाळी चुकवली. बायको मला बाजारात भेटली, चांगली ठणठणीत. मग मी नियम केला: चहा आणि बिस्किट, बस्स. गरिबाला लाज वाटायला नको. पाळकसाहेबांनी तोच नियम बाकीच्या गटांना लावला आणि मी फुशारले.

गटात आंबिवलीहून एक मावशी यायच्या. मूळच्या मराठवाड्यातल्या, विधवा, कल्याणच्या एका प्रसूतिगृहात आया. "आमच्याकडं कधी येणार, बाई?" हा त्यांचा दर शनिवारचा प्रश्न. आंबिवलीला थांबणाऱ्या कसाऱ्याकडच्या गाड्या कमी, हे कारण पुढे करून मी त्यांची पाळी ढकलत राहिले. खरं म्हणजे एका खोलीत एवढी माणसं मावतील कशी, असं मला वाटे. शेवटी नाताळच्या आधी गेलो.

भिंतींना नवा चुना लावलेला. दारातच मटणाचा वास आला. प्रार्थना संपली तशी मावशींनी ताटं मांडायला घेतली. स्टीलच्या प्रत्येक ताटावर वेगळं नाव कोरलेलं. अख्ख्या चाळीत फिरून मागून आणलेली होती.

"मावशी, हे काय? आपला नियम काय आहे?"

"एक डाव, बाई. भाकरीचा तुकडा तरी मोडा."

"आज तुम्हाला सूट दिली तर उद्या सगळ्यांना द्यावी लागेल." आणि वर हसून म्हणाले, "अहो, नियम तुमच्यासाठीच तर केलाय."

माझ्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. मावशींनी ताटं उचलून चहा ठेवला. तो पिऊन आम्ही गाडीसाठी उठलो. त्या दारात उभं राहून आमच्या ख्रिस्ती रिवाजाप्रमाणे एकेकाला सलाम करत होत्या. मावशी समजूतदार आहेत, असं मला वाटलं.

त्यानंतर चार शनिवार मी हजेरीवहीत त्यांच्या नावापुढे फुली मारली. मग आंबिवलीला गेले. दाराला कुलूप होतं. शेजारणीने ओटीवर बसवलं.

"ड्युटीवरून येईलच आता. तुम्ही त्या चर्चवाल्या ना? तिच्याकडे जेवून गेलेल्या?"

मी दाराच्या कुलपाकडे पाहिलं.

"आम्ही चिडवायचो तिला, तुझ्याकडे कोण गं येणार जेवायला? आम्ही नाही खात तिच्या हातचं, खोटं कशाला बोलू. ताटं मात्र दिली, स्टीलला काय होतंय? दुसऱ्या दिवशी लख्ख घासून आणून दिली. म्हणाली, सगळे पोटभर जेवले. कुणी ताटात टाकलं नाही."

ज्या ताटांना आमचा हात लागला नव्हता, ती त्यांनी घासली होती. एवढं मटण कुठे नेऊन रिकामं केलं, देव जाणे. मला रडू कोसळलं. शेजारीण बिचारी घाबरून पाणी आणायला धावली.

तेवढ्यात मावशी आल्या. "सलाम, बाई. आत या की." आत गेल्यावर मी म्हटलं, "माझं चुकलं, मावशी. मला भूक लागलीय. शिळंपाकं काही असेल ते वाढा."

त्यांनी स्टोव्ह पेटवला आणि चहाचं आधण ठेवलं.

"जेवायला काय न्हाई, बाई."

स्टोव्हशेजारी दुरडीत, फडक्याखाली भाकरी दिसत होती. "ती आहे ना," मी म्हटलं. माझा आवाज लहान मुलीसारखा झाला होता.

"ती माझ्यापुरती हाय."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. त्यांनी बशीत चार बिस्किटं मांडून माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाल्या, "घ्या, चहा निवंल."

मी चारही खाल्ली. मावशी पुन्हा घरसभेला आल्या नाहीत.