डागीबाईची फळी

एका माणसाभोवती किती किस्से साठलेत, हे तो असेपर्यंत कळत नाही. शमुवेल सर गेल्याची बातमी आली, त्या बुधवारी आम्ही शिरूरच्या आमच्या शाळेत चाचणीचे पेपर तपासत होतो. शिपाई गेनू तार घेऊन आला. सरांच्या मुलाची, दौंडहून, इंग्रजीत. पी.टी.चे भागवत सर मोठ्यानं वाचू लागले, "फादर एक्स्पायर्ड..." आणि थांबले.

गेनूनं विचारलं, "एक्स्पायर म्हंजी? लायसन संपलं व्हय कुणाचं?"

कुणी हसलं नाही. मग गेनूलाही कळलं.

*

शमुवेल सर ड्रॉइंग शिकवायचे. त्यांच्या चर्चमध्ये उंचावर एक जुनी सागवानी फळी टांगलेली आहे. तापल्या सळईनं डागून तिच्यावर मेंढपाळ येशू काढलाय. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी, काखेत कोकरू. खाली पितळी पाटी होती : 'एका परदेशी साहेबांची भेट.'

सरांच्या घरचे मात्र सांगत, की फळी सरांच्या आजीनं डागली. दुष्काळात कुणीतरी मिशनच्या दारात सोडून दिलेली पोर. सगळे तिला डागीबाई म्हणायचे. पाटीवर साहेबाऐवजी आजीचं नाव यावं, एवढंच सरांना हवं होतं.

माझी पत्नी गेली त्या वर्षी ते घरी आले आणि म्हणाले, "भिंतीकडं बघत बसण्यापेक्षा माझ्याबरोबर फळीकडं बघा!" सांत्वनाचं याहून जास्त ते काही बोलले नाहीत. मी गेलो. भागवत सरही आले.

*

चर्चचे मुख्य पंच आप्पा म्हणाले, "शमुवेल, पुरावा आण. डागीबाई म्हणजे डागणारी, हे तू म्हणतोस. मी म्हणतो, लोकांनी जिला डागलं ती! मग?"

"जुनं बाप्तिस्म्याचं रजिस्टर बघू या, आप्पा."

"बघ की!"

कपाट उघडलं. आत पुठ्ठे शाबूत होते, मधली पानं माती झालेली. आप्पांनी पुठ्ठा झटकला. "आमच्यापेक्षा वाळवीचा अभ्यास जास्त!"

*

न्हावऱ्याला एका जुन्या सुताराचं घर होतं. त्याच्या वडिलांनी मिशनला लाकूड पुरवलं, असं ऐकून आम्ही गेलो. सुतार वारलेला. म्हातारी ओसरीवर बसलेली. सरांनी एकदम मुद्द्यालाच हात घातला. "आजी, डाग कुणी दिला, आठवतंय का?"

म्हातारीनं त्यांच्याकडे बघितलं. मग पदर डोळ्यांना लावला. "पुतण्यानं दिला, बाबा. पोटचा ममईला हुता. त्यो यीस्तवर राख सावडायची येळ झाली."

फळीचा विषय कुणी काढला नाही. चहा घेतला, नमस्कार केला आणि एसटीला उभे राहिलो. सर म्हणाले, "आमच्यात पुरतात. माझ्या ध्यानातच आलं नाही."

*

पुण्याला एका जाणकारांना फळी दाखवायची ठरली. एसटीच्या टपावर ती चढवायला सर तयार नव्हते. मुलगा रेल्वेत, म्हणून कांद्याच्या ट्रकमधून फळी दौंडला नेली. पार्सल ऑफिसात सामानाच्या नगांची नोंद करणाऱ्या क्लार्कनं मान वर न करता विचारलं, "डाग किती?"

सर ड्रॉइंगवाले! म्हणाले, "मोजले नाहीत, साहेब. नुसत्या कोकराच्या अंगावरच हजारेक असतील."

क्लार्कनं पेन खाली ठेवलं. "मग मालगाडीच लावू का?"

पुण्याच्या जाणकारांनी भिंग लावून फळी पाहिली. "पद्धत विलायती आहे."

"आणि घोंगडी?"

"ती देशी दिसते."

सर म्हणाले, "मग थंडी कुणाला वाजत होती, साहेबाला?"

फळी परत आली. त्याच प्रवासात सरांचा आवाज पहिल्यांदा बसला. आम्हाला वाटलं, ट्रकमधल्या धुळीनं.

*

आवाज परत आला नाही. घशाचं दुखणं, तेही वाईट. मुलगा त्यांना दौंडला घेऊन गेला. मग मी आणि भागवत सरांनी काशीबाईंना शोधून काढलं. मिशनच्या आवारात वाढलेल्या, लग्न होऊन लांब गेलेल्या, नव्वदीला टेकलेल्या. त्यांना पंचांपुढं बसवलं.

"लहानपनी तिच्या पोटाला डागलं हुतं, आजार जावा म्हनून," काशीबाई म्हणाल्या. "म्हनून डागी."

आप्पा म्हणाले, "बघा! मी काय म्हणत होतो?"

"आरं, आयकून तरी घे! फळी तिनंच डागली. मी ल्हान हुते. माझा हात धरला आन् कोकराचा एक कान माझ्याकडनं डागून घेतला. वाकडा झाला. मी रडाया लागले, तर म्हनली, असू दे, मेंढरं काय समदी सरळ असत्यात?"

खालून कोकराचा कान कुणाला दिसणार? आप्पांनी शिडी मागवली आणि स्वतः चढले. वर कोकराच्या कानावरून बोट फिरवलं. उतरल्यावर चष्मा पुसत म्हणाले, "वाकडा आहे. शमुवेलला नाव विचारून घ्या."

*

मी शुक्रवारी दौंडला गेलो. सर कॉटवर बसून होते. आवाज म्हणजे नुसती कुजबुज. सगळं सांगितलं. वाकड्या कानाचं ऐकून त्यांनी मला टाळी दिली.

"मग पाटीवर डागीबाईच लिहायचं ना?" मी विचारलं.

त्यांनी जोरात नकारार्थी मान हलवली. "ते जखमेचं नाव. तिचं नाव वेगळं. आईबापांनी ठेवलेलं. तिनं फक्त मला सांगितलं होतं. कानात."

"काय?"

ते हसले. "आता नाही. रविवारी शिरूरला येतो. आप्पांपुढं उभा राहून, मोठ्यानं सांगणार!"

तेवढ्यात मुलगा ड्यूटीवरून आला. म्हणाला, "बाबा, बोलू नका." सरांनी तोंडावर बोट ठेवलं आणि मला डोळा मारला.

रविवारी त्यांना ताप होता. आम्ही म्हटलं, पुढच्या रविवारी. बुधवारी ती तार आली.

मुलाला तिचं नाव विचारलं. त्यालाही डागीआजी एवढंच माहीत. पंचांनी जुनी पाटी काढून ठेवली आहे. नवी लावायची राहिली आहे.