मिरचीचं पिस्तूल

बसण्याआधी शर्ट वर करून कमरेचं पिस्तूल काढायचं, टीपॉयवर ठेवायचं आणि समोरच्याचा चेहरा उतरला की म्हणायचं, "घाबरू नका, मिरचीचं हाय." धायरीतल्या आमच्या घरमालक काकांची ही रीत. त्यातून गोळीऐवजी मिरचीचं जहाल पाणी उडे. माणूस मरत नाही, डोळे चोळत बसतो. त्यामुळे परवानाही लागत नाही.

खऱ्या पिस्तुलासाठी काकांनी अर्ज केला होता. त्यांचे चुलतभाऊ परवान्याची पिस्तुलं लावून लग्नांत मिरवत. परवाना देणाऱ्या साहेबांनी विचारलं, "तुमच्या जिवाला धोका कुणापासून?" काका बराच विचार करून म्हणाले, "तसा कुणाचा न्हाय, साहेब. पण व्हायला किती वेळ लागतो?" अर्ज नामंजूर झाला. हे ते स्वतःच सांगत आणि स्वतःच हसत.

असा माणूस तुमच्याही शेजारी असेल आणि तुम्हाला आवडतही असेल. मला काका खुपत, कारण माझ्या वडिलांना, दादांना, ते फार आवडत.

दादा करमाळ्याहून यायचे ते मला भेटायला. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, आणि ती त्यांच्या कष्टांची, हे मी विसरलेलो नाही. हिंजवडीत मी काय काम करतो ते त्यांना एकदा नीट सांगायचं होतं. पण चहा संपला की ते खाली काकांकडे. "पाव्हणं, ह्यात भरायचं कुठनं?" वर मला ऐकू यायचं. मला त्यांनी असा एकही प्रश्न विचारला नव्हता.

निवडणूक लागली. अशा वेळी परवानेवाल्यांना शस्त्रं पोलिसांकडे जमा करावी लागतात. चुलतभाऊ निघाले, तसे काकाही निघाले.

"काका, तुम्हाला हा नियम नाही," मी म्हणालो.

"समद्यांनी ठेवायचं आन् मी एकट्यानं लावून फिरायचं? बरं दिसतं का?"

दादा त्यांच्यासोबत गेले, म्हणून मीही गेलो. काकांची फजिती दादांनी डोळ्यांनी पाहावी, एवढीच माझी इच्छा.

हवालदाराने पिस्तूल उलटसुलट करून पाहिलं. "काका, हे घरी न्या. मिसळीवर मारा."

रांग हसली. काकांचे कान लाल झाले. तेवढ्यात दादा पुढे झाले. "साहेब, बाकीचे नोटीस आली म्हणून आले. हे आपणहून आलेत."

"मग आपणहून परत जा."

यावर आधी दादांना हसू फुटलं, मग काकांना. येताना दोघं उसाचा रस प्यायला थांबले. मला हाक मारायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही.

गेल्या हिवाळ्यात काका झोपेतच गेले. दादांना फोनवर सांगितलं तेव्हा गावाकडे आमच्या उसाची तोड चालू होती. "येऊ नका," मी म्हणालो.

माझ्या पदवीदानाला ते आले नव्हते. पेरणी होती. मी तेव्हा तक्रार केली नाही, आजही करत नाही. त्या दिवशी मात्र तोडीची टोळी फडात तशीच सोडून ते आले. तिरडी नेताना त्यांचा खांदा दुखतोय हे मला दिसत होतं. मी पुढे होऊन म्हणालो, "दादा, मी घेतो."

त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि ते चालत राहिले.