डाव्या बाजूची किल्ली

माझी पत्नी गेली त्या आठवड्यातल्या रविवारी सकाळी तिने हॉलमधल्या जर्मन घड्याळाला किल्ली दिली होती. पंधरवड्यातून एकदा, चहा झाल्यावर, ती हे काम करायची. गुरुवारी हॉस्पिटलमध्ये तिचा मृत्यू झाला. सगळं आटोपून अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या आमच्या घरी परत आलो, तर घड्याळ चालू होतं.

ते तिच्या हाताच्या जोरावर चालू आहे, हे लक्षात यायला मला वेळ लागला. किल्ली देणं म्हणजे पोलादाची लांब पट्टी घट्ट गुंडाळणं. मग ती हळूहळू उलगडत राहते आणि चाकं फिरतात. पट्टी पूर्ण सैल झाली की तिने या घरात केलेलं शेवटचं काम संपणार होतं. मी किल्ली दिली, तर तिच्या जोरात माझा मिसळणार होता. मला दोन्ही नको होतं.

ती मेकॅनिकल इंजिनिअर. नोकरीभर पंपांची डिझाइन्स केली आणि निवृत्तीनंतर जुन्या जर्मन घड्याळांच्या मागे लागली. हे घड्याळ तिने एका इस्टेट सेलमध्ये, म्हणजे कुणीतरी गेल्यावर घरातलं सामान विकायला काढतात तिथे, बंद अवस्थेत घेतलं. अक्रोडाचं लाकूड, दोन्ही बाजूंना कातलेले खांब, काचेचं दार. जेवणाच्या टेबलावर जुना टॉवेल पसरून ती त्याचा एकेक भाग सुटा करायची, आणि मी शेजारी वाचत बसायचो. एकदा तिने माझ्या हातातलं पुस्तक काढून घेऊन भिंग दिलं.

"हे बघा. फिरणाऱ्या दांड्याने भोक झिजवून अंड्यासारखं केलंय. इथेच अडत होतं."

तिथे तिने पितळेचा नवा बुश, दांड्याभोवती बसणारी छोटीशी नळी, बसवला.

"आणि ही मागची बाजू बघा. भिंतीकडे तोंड. कुणाला दिसायची नाही, तरी किती गुळगुळीत घासलीय."

"जर्मन माणूस," मी म्हणालो.

"जर्मन-बिर्मन काही नाही. पुढे कधी बिघडलं तर आपल्यालाच उघडावं लागणार, हे त्याला माहीत असणार."

तबकडीत दोन भोकं आहेत. उजव्या भोकामागची स्प्रिंग काटे चालवते, डाव्यामागची ठोके वाजवते. दोन्ही स्वतंत्र; किल्ली एकच, पण ती दोन्ही भोकांत वेगवेगळी फिरवावी लागते.

पत्नीची मैत्रीण त्या दिवसांत आमच्यासाठी डबा घेऊन यायची. आमची लेक तिला लहानपणापासून मावशी म्हणते. दूर बॉथेलहून आलेली लेक आणि मी एका दुपारी फिरून परतलो, तर घरी थांबलेल्या मावशी दारातच म्हणाल्या, "अहो, घड्याळाला किल्ली दिली बरं का. पार सैल पडलं होतं. बंद घड्याळ घरात ठेवू नये, आणि आत्ता तर नाहीच नाही."

मी बूट काढत राहिलो. लेकीने माझा चेहरा पाहिला.

"मावशी, यू शुड हॅव आस्क्ड बाबा."

"अगं, किल्ली द्यायला परवानगी कसली? तुझ्या आईनेच शिकवलंय मला."

"दोन्ही बाजूंना दिलीस?"

"दोन कुठल्या? एकच तर घड्याळ आहे!"

लेक हसली, आणि हसता हसताच रडायला लागली. मावशींनी तिला जवळ घेतलं. "चुकलं का गं माझं काही?" त्या विचारत राहिल्या. मी "नाही" म्हणालो. डावी बाजू राहिली होती. काटे आता मावशींच्या हाताने चालले होते, ठोके अजून तिच्या.

लेक परत गेल्यावर मी पुस्तक उघडून बसायचो, पण वाचायचो नाही. तास भरायची वाट पाहायचो. ठोक्यांमधलं अंतर वाढत चाललं होतं. लेकीला फोनवरसुद्धा ते जाणवलं.

"बाबा, ते दमलंय. साउंड्स सो टायर्ड. तू वाइंड कर ना."

"बघू," मी म्हणालो.

"बघू म्हणजे नो. आय नो यू."

एका संध्याकाळी पाच वाजताना तीन ठोके पडले. चौथ्यासाठी हातोडी उचलली गेली आणि तशीच अर्ध्यावर राहिली.

मी घड्याळाचं काचेचं दार उघडून हातोडीकडे पाहत उभा राहिलो. काटे पुढे सरकत होते. ठोके मागे राहिले तर घड्याळ काट्यांनी एक वेळ दाखवतं आणि भलतीच वाजवतं, आणि ते जुळवणं मला येणार नव्हतं. अर्ध्या तासालाही एक ठोका पडतो, म्हणून साडेपाचच्या आत काय ते ठरवायला हवं होतं. मग लंबकाखालची किल्ली उचलून डाव्या भोकात घातली. ती कुठल्या दिशेला फिरते तेही मला माहीत नव्हतं. एकीकडे अडली, दुसरीकडे फिरली.

पहिली फेरी पुरी व्हायच्या आत हातोडी पडली. चौथा ठोका. मी दचकून थांबलो. लगेच पाचवा.

तिचा जोर नेमका कुठे संपला आणि माझा कुठे सुरू झाला, ते कळण्यासारखं नव्हतं. मनगट दुखेपर्यंत, किल्ली घट्ट होईपर्यंत, मी उरलेल्या फेऱ्या दिल्या.